वरपर्यंत न पोचलेला अर्ज : शिकागोचे शास्त्रज्ञ आणि १९४५ चा उन्हाळा

हिरोशिमावर बॉम्ब टाकणं योग्य होतं की नाही, हा वाद ऐंशी वर्षं चालू आहे आणि पुढेही चालेल. इथे त्या वादातला एकच धागा घेतला आहे. बॉम्ब बनवणाऱ्यांपैकीच काही जणांनी त्याच्या वापराला आक्षेप घेतला. तो लेखी दिला, ठरलेल्या शिरस्त्याप्रमाणे वरिष्ठांमार्फत पाठवला, आणि तरी ज्याच्या नावे तो होता त्या माणसाच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या, हातात तो पडला नाही. कागद कुठून निघाला, कुणाच्या टेबलावर किती दिवस राहिला, हे तारखांनिशी पाहिलं की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. या आक्षेपावर समोरासमोर वाद झाला आणि त्यात तो हरला, असं घडलंच नाही. ज्यांच्या हातून तो वर जायचा होता, त्यांचं स्वतःचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

पार्श्वभूमी

शिकागो विद्यापीठातल्या या प्रयोगशाळेचं नाव मुद्दाम दिशाभूल करणारं होतं: मेटलर्जिकल लॅबोरेटरी, बोलण्यात 'मेट लॅब'. २ डिसेंबर १९४२ रोजी स्टॅग फील्ड या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली एन्रिको फर्मी यांच्या गटाने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली, ती याच लॅबची कामगिरी. पुढे प्लुटोनियम बनवण्याचं काम वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला गेलं आणि बॉम्बची जुळणी न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला. त्यामुळे १९४५ च्या वसंतात लॉस अलामोसचे लोक रात्रंदिवस राबत असताना शिकागोत कामाचा भार उतरला होता. विचार करायला सवड मिळाली ती इथे, आणि आक्षेप इथूनच उठला याचं एक साधं कारण हेही आहे.

यातले बरेच जण युरोपातून परागंदा होऊन आलेले. हिटलरच्या हाती बॉम्ब आधी लागेल या भीतीने ते कामाला लागले होते. ऑगस्ट १९३९ मध्ये आइनस्टाइन यांच्या सहीने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना बॉम्बच्या शक्यतेबद्दल गेलेल्या पत्रामागे यांच्यातलेच एक, हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड, होते. पण १९४४ च्या अखेरीस, स्ट्रासबुर्ग हाती आल्यावर, दोस्तांच्या तपास पथकाला तिथल्या कागदपत्रांवरून कळून चुकलं की जर्मनी बॉम्बच्या जवळपासही पोचलेला नाही. ८ मे १९४५ ला जर्मनी शरण आला. काम मात्र थांबलं नाही, फक्त लक्ष्य बदललं. ते बदलताना 'मूळ कारण संपलं, आता पुढे काय?' असा प्रश्न कोणत्याही अधिकृत बैठकीत विषय म्हणून मांडला गेला नाही.

जेम्स फ्रँक यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. नोबेल मिळालेले जर्मन ज्यू भौतिकशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये नाझींनी ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा केला, तेव्हा पहिल्या महायुद्धात लढलेले म्हणून त्यांना सूट होती. तरी त्यांनी निषेध म्हणून गॉटिंगेनच्या पदाचा राजीनामा दिला. त्याच पहिल्या महायुद्धात ते फ्रिट्झ हाबर यांच्या विषारी वायूच्या पथकात होते. शास्त्रज्ञाने तयार केलेलं अस्त्र रणांगणावर काय करतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मेट लॅबमध्ये येताना त्यांनी तिथले प्रमुख आर्थर कॉम्प्टन यांना एक अट घातली होती: बॉम्ब तयार होण्याची वेळ आली आणि तोवर दुसऱ्या कोणत्या देशाकडे तो नसेल, तर त्याच्या वापराबद्दलचं आपलं मत सर्वोच्च पातळीवर मांडायची संधी मिळावी. कॉम्प्टन यांनी ती मान्य केली होती.

अडचण काय होती

निर्णयाची यंत्रणा आणि आक्षेप घेणारे यांच्यात थेट वाट नव्हती. गुप्ततेसाठी बॉम्बच्या या सगळ्या प्रकल्पाची (मॅनहॅटन प्रोजेक्ट) विभागणी अशी केलेली होती की एका खोलीतल्या माणसाने दुसऱ्या खोलीतल्या कामाबद्दल विचारू नये. सगळे कागद लष्करी साखळीतून, म्हणजे शेवटी प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज यांच्याकडून जायचे.

झिलार्ड यांनी आधी साखळीबाहेरून प्रयत्न केला. त्यांच्यासाठी आइनस्टाइन यांनी मार्च १९४५ मध्ये रूझवेल्टना पुन्हा पत्र लिहिलं. १२ एप्रिलला रूझवेल्ट गेले आणि हॅरी ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले. मे महिन्यात झिलार्ड, वॉल्टर बार्टकी आणि हॅरोल्ड युरी असे तिघे शास्त्रज्ञ व्हाइट हाउसला पोचले. तिथून त्यांना साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला, जेम्स बर्न्स यांच्या घरी पाठवण्यात आलं. बर्न्स लवकरच परराष्ट्रमंत्री होणार होते. झिलार्ड यांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे बर्न्स यांचा भर दोन गोष्टींवर होता: दोन अब्ज डॉलर खर्च करून काय मिळवलं असं काँग्रेस विचारेल, आणि बॉम्ब दाखवला तर रशिया जरा ताळ्यावर राहील. जपानच्या माणसांचा विषय या भेटीत जवळजवळ निघालाच नाही. भेटीचा एक परिणाम मात्र झाला. ग्रोव्ह्ज आधीपासूनच झिलार्डवर हेर ठेवून होते, त्यांचा संशय आणखी पक्का झाला.

दरम्यान युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या अध्यक्षतेखाली अंतरिम समिती बसली होती. तिला सल्ला द्यायला चार शास्त्रज्ञांचं पॅनेल होतं: कॉम्प्टन, फर्मी, अर्नेस्ट लॉरेन्स आणि रॉबर्ट ओपेनहायमर. ३१ मे च्या बैठकीत, वस्तीऐवजी निर्जन जागी बॉम्ब फोडून दाखवावा का, हा प्रश्न निघाला तो दुपारच्या जेवणाच्या टेबलावर. लॉरेन्स यांच्या आठवणीप्रमाणे त्यावर दहा मिनिटं बोलणं झालं असेल. अधिकृत इतिवृत्तात या बोलण्याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, समितीने शिफारस केली: बॉम्ब जपानवर शक्य तितक्या लवकर वापरावा, कामगारांच्या घरांनी वेढलेल्या युद्धकारखान्यावर वापरावा, आणि पूर्वसूचना देऊ नये. 'कामगारांच्या घरांनी वेढलेला' ही अट मला या सगळ्या कागदांत सर्वांत भयंकर वाटते. ज्या कारखान्याचं नाव घेतलं जात होतं, त्याच्याभोवतीची घरं लक्ष्याच्या व्याख्येतच आलेली होती.

शिकागोत यातलं काहीच माहीत नव्हतं. कॉम्प्टन जूनच्या सुरुवातीला परतले आणि म्हणाले, पॅनेल लवकरच पुन्हा भेटणार आहे, तुमच्या सूचना द्या. लोकांनी मनापासून समित्या नेमल्या. ज्या प्रश्नावर ते रात्री जागवणार होते, त्यावर शिफारस होऊन गेलेली होती.

समोर असलेले पर्याय

फ्रँक यांच्या समितीत सात जण होते: फ्रँक, झिलार्ड, युजीन राबिनोविच, ग्लेन सीबोर्ग, डोनाल्ड ह्यूज, जे. जे. निकसन आणि जॉयस स्टर्न्स. यातले स्टर्न्स हे लक्ष्य ठरवणाऱ्या समितीतही होते. ११ जून १९४५ ला त्यांचा अहवाल तयार झाला.

अहवालाचा मुख्य भर दयेवर नव्हता, आणि हे अनेकदा विसरलं जातं. त्यांचं म्हणणं असं होतं: हे ज्ञान गुप्त ठेवता येणार नाही, इतर देशांना आपली तीन-चार वर्षांची आघाडी भरून काढायला फार वेळ लागणार नाही, आणि युद्धानंतर जागतिक नियंत्रणाचा करार करायचा असेल तर विश्वास लागेल. जो देश हे अस्त्र पूर्वसूचना न देता वापरेल, त्याच्या 'आता यावर बंदी घालू या' या शब्दावर कोण विश्वास ठेवील? म्हणून वाळवंटात किंवा ओसाड बेटावर, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर बॉम्ब फोडून दाखवावा. जपानने तरीही ऐकलं नाही तर पुढचा विचार, तोही संयुक्त राष्ट्रांची आणि देशातल्या जनतेची संमती असेल तर. अहवालात विषारी वायूचा दाखला आहे: अमेरिकेकडे वायूचे मोठे साठे आहेत, तो वापरून युद्ध लवकर संपलं तरी लोकांना ते मान्य होणार नाही, असं जनमत चाचण्या सांगतात. हे वाक्य हाबर यांच्या पथकात काम केलेल्या माणसाच्या समितीने लिहिलं आहे, हे लक्षात ठेवून वाचावं.

प्रात्यक्षिकाविरुद्धचे मुद्देही पोकळ नव्हते. बॉम्ब फुसका निघाला तर? जागा आधी सांगितली तर जपान युद्धकैद्यांना तिथे आणून ठेवील का? हाताशी जेमतेम दोन-तीन बॉम्बचं साहित्य. त्यातला एक वाळूत घालवायचा? आणि ९-१० मार्चच्या रात्री टोकियो जळून सुमारे एक लाख माणसं मेल्यावरही जे लष्करी नेते हटले नाहीत, ते दूरवरचा एक स्फोट पाहून हटतील? युद्ध लांबेल तसे चीनमध्ये, आग्नेय आशियात, युद्धकैद्यांच्या छावण्यांत रोज जीव जात होते. जपानच्या क्युशू बेटावर अमेरिकी सैन्य उतरवण्याची तारीख १ नोव्हेंबर ठरलेली होती. शिकागोच्या समितीने या बाजूचा हिशेब मांडला नाही आणि ती तिची खरी उणीव होती. अर्थात तो हिशेब मांडायला लागणारी लष्करी माहिती तिला कुणी दिलेलीही नव्हती.

या दोन टोकांमध्ये आणखी पर्याय होते: आधी स्पष्ट इशारा देणं, सम्राटाचं स्थान राहील असं सांगून शरणागतीच्या अटी सौम्य करणं, रशिया युद्धात उतरेपर्यंत थांबणं. नौदलाचे उपमंत्री राल्फ बार्ड अंतरिम समितीचेच सदस्य. त्यांनी २७ जूनला लेखी कळवलं की जपानला दोन-तीन दिवस आधी काहीतरी सूचना द्यायला हवी. समितीतून उघड वेगळं मत लिहून देणारे ते एकटे.

काय घडलं

१२ जूनला फ्रँक अहवाल घेऊन कॉम्प्टन यांच्याबरोबर वॉशिंग्टनला गेले. स्टिमसन बाहेरगावी आहेत असं सांगण्यात आलं. अहवाल कार्यालयात ठेवावा लागला, आणि त्याला कॉम्प्टन यांनी आपलं पत्र जोडलं. त्यात लिहिलं होतं की युद्ध लवकर संपल्याने किती जीव वाचतील याचा अहवालात विचार नाही, आणि बॉम्ब आता वापरला नाही तर पुढच्या युद्धात काय होईल याचा जगाला पुरेसा इशारा मिळणार नाही. दोन्ही मुद्दे मांडण्याजोगे होते. पण फ्रँक यांना सर्वोच्च पातळीवर बोलायला देईन असा शब्द दिलेल्या माणसाने, फ्रँक यांचं म्हणणं कुणी वाचायच्या आधी, त्याच्या वर स्वतःचा शेरा चढवला. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फाइल उघडणारा आधी शेरा वाचतो.

स्टिमसन यांचे सहायक जॉर्ज हॅरिसन यांनी प्रात्यक्षिकाचा प्रश्न चौघांच्या पॅनेलकडे सोपवला. म्हणजे प्रश्न पुन्हा कॉम्प्टन यांच्याकडेच आला. १६ जूनला लॉस अलामोसहून उत्तर गेलं: युद्ध संपवू शकेल असं कोणतंही तांत्रिक प्रात्यक्षिक आम्ही सुचवू शकत नाही, थेट लष्करी वापराला मान्य होण्याजोगा पर्याय आम्हाला दिसत नाही. शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही हे त्यांनी नोंदवलं. शेवटी असंही लिहिलं की राजकीय, सामाजिक आणि लष्करी प्रश्न सोडवण्याची आमच्याकडे काही विशेष पात्रता नाही. एकाच पानावर निर्णायक सल्ला आणि पात्रता नसल्याची कबुली! १९५४ मध्ये स्वतःच्या सुरक्षा-परवान्याबद्दलच्या चौकशीत ओपेनहायमर यांनी साक्ष दिली, की जपानची लष्करी स्थिती काय आहे याची आम्हाला काडीचीही माहिती नव्हती. तो दुसऱ्या मार्गाने शरण येईल का, स्वारी खरोखर अटळ आहे का, काहीच ठाऊक नव्हतं. २१ जूनला अंतरिम समितीने पॅनेलच्या आधाराने आपली शिफारस कायम केली.

झिलार्ड यांनी मग अर्जाची वाट धरली. त्यांच्या अर्जात सूर बदलला होता. आता मुद्दा उघडपणे नैतिक होता. जपानला शरणागतीच्या अटी तपशीलवार जाहीर केल्याशिवाय आणि त्या स्वीकारायची संधी दिल्याशिवाय असे हल्ले समर्थनीय ठरत नाहीत. निसर्गाच्या या नव्या शक्ती संहारासाठी वापरण्याचा पायंडा जो देश पाडील, त्याच्या माथी अकल्पनीय विनाशाच्या युगाचं दार उघडल्याची जबाबदारी येईल. १७ जुलैच्या अंतिम मसुद्यावर झिलार्डसह ७० सह्या होत्या. आदल्याच पहाटे न्यू मेक्सिकोत पहिली चाचणी यशस्वी झाली होती.

दरम्यान १२ जुलैला मेट लॅबमधले शास्त्रज्ञ फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी तिथे बॉम्बच्या वापराबद्दल मतदान घेतलं, चर्चेला फारसा वेळ न देता. १५० जणांनी मत दिलं. लष्कराला सर्वांत परिणामकारक वाटेल तसा वापर करा: २३. जपानमध्ये 'लष्करी प्रात्यक्षिक' करा, शरणागतीची संधी द्या, मगच पूर्ण वापर: ६९. अमेरिकेत जपानी प्रतिनिधींसमोर प्रयोग करून दाखवा: ३९. युद्धात वापरू नका, फक्त जाहीर प्रयोग करा: १६. गुप्त ठेवा आणि या युद्धात वापरूच नका: ३.

सगळी मेख त्या ६९ मतांत आहे. 'जपानमध्ये लष्करी प्रात्यक्षिक' म्हणजे काय? कुणी वाचलं असेल की एखाद्या एकाकी लष्करी तळावर बॉम्ब टाकून दाखवायचा. कुणी वाचलं असेल की एका शहरावर टाकायचा आणि मग विचारायचं. कॉम्प्टन यांनी निकाल वर पाठवताना याच पर्यायाला सर्वाधिक पसंती असल्याचं आणि आपलंही मत तेच असल्याचं लिहिलं. वरच्या माणसाला त्यातून 'शास्त्रज्ञांचा वापराला पाठिंबा आहे' एवढंच दिसलं असणार. पूर्ण वापराआधी संधी द्यावी, हे त्या पर्यायातलं वाक्य मात्र कुठेच पाळलं गेलं नाही.

आता अर्जाचा प्रवास. १९ जुलैला झिलार्ड यांनी तो राष्ट्राध्यक्षांच्या नावे बंद लिफाफ्यात कॉम्प्टनकडे दिला. २४ जुलैला कॉम्प्टन यांनी तो ग्रोव्ह्ज यांच्या हाताखालचे कर्नल केनेथ निकोल्स यांच्याकडे पाठवला. २५ जुलैला तो निकोल्सकडून ग्रोव्ह्जकडे गेला. त्याच २५ जुलैला लष्कराचे हंगामी प्रमुख जनरल हँडी यांच्या सहीने पॅसिफिकमधल्या बॉम्बफेकी हवाई दलाचे प्रमुख जनरल स्पाट्झ यांना लेखी हुकूम निघाला: सुमारे ३ ऑगस्टनंतर हवामान साथ देईल तेव्हा हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यांपैकी एका लक्ष्यावर पहिला विशेष बॉम्ब टाका, पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकत जा. ग्रोव्ह्ज यांनी अर्ज १ ऑगस्टला स्टिमसन यांच्या कार्यालयात धाडला. तिथे ठरलं की या प्रश्नाचा विचार योग्य पातळीवर आधीच झालेला आहे, आता तो व्हाइट हाउसला पाठवण्यात अर्थ नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला. ट्रूमन यांनी तो पाहिला नाही.

परिणाम

६ ऑगस्ट, सकाळी सव्वाआठ, हिरोशिमा. विमानातून नेम धरला होता तो कारखान्यावर नव्हे, शहराच्या मध्यावरच्या टी आकाराच्या आयोई पुलावर. ९ ऑगस्ट, नागासाकी. तेही मूळ लक्ष्य कोकुरा धुराने आणि ढगांनी झाकलेलं होतं म्हणून. वर्षाअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं दगावली, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

ट्रूमन यांनी २५ जुलैच्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की लक्ष्य लष्करी ठिकाणं आणि सैनिक-खलाशी असतील, बायका-मुलं नव्हेत. ते स्वतःची समजूत घालत होते की त्यांना खरोखर तसं सांगितलं गेलं होतं, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मला दुसरी शक्यता जास्त पटते. १० ऑगस्टला मंत्रिमंडळात ते म्हणाले की आणखी एक लाख माणसं आणि ती सगळी पोरं मारायचा विचार सहन होत नाही. व्यापारमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत हे नोंदलेलं आहे.

फ्रँक अहवालातलं भाकीत खरं ठरलं. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केली, म्हणजे चार वर्षांनी. ग्रोव्ह्ज यांचा अंदाज याहून कितीतरी जास्त वर्षांचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात शिकागोपासूनच करायला हवी. जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळल्यावर लॉस अलामोसहून जोसेफ रोटब्लाट १९४४ च्या अखेरीस काम सोडून निघाले. शिकागोतला संघटित आक्षेप मात्र जून १९४५ मध्ये आला. १९४५ च्या सुरुवातीलाच फ्रँक यांनी आपल्या अटीची आठवण करून देऊन भेट मागितली असती, तर तेव्हा अंतरिम समिती नेमलीही गेली नव्हती आणि लक्ष्यांची यादीही नव्हती.

कॉम्प्टन यांना मी खलनायक मानत नाही. त्यांनी अहवाल दडवला नाही, मतदान घेऊ दिलं, अर्ज पुढे पाठवला. पण प्रयोगशाळेचे प्रमुख, पॅनेलचे सदस्य आणि आक्षेपाचे टपालवाहक या तीन भूमिका एका माणसाकडे असायलाच नको होत्या. आपलं मत वेगळं असल्याचं त्यांनी नंतर, स्वतंत्र कागदावर, पॅनेलचा सदस्य म्हणून सांगितलं असतं तरी अहवाल निदान एकदा स्वतःच्या पायावर उभा राहिला असता. फ्रँक यांना स्टिमसन यांच्यासमोर पंधरा मिनिटं बसवणंही अशक्य नव्हतं. स्टिमसन ऐकणारे गृहस्थ होते. क्योटो लक्ष्यांच्या यादीतून काढायचा तर त्यांनी ग्रोव्ह्जना न जुमानता हट्ट धरला आणि तो तडीस नेला.

पॅनेलला विचारलेला प्रश्नही चुकीचा होता. 'युद्ध संपवील असं प्रात्यक्षिक सुचवा' म्हटल्यावर हमी कोण देणार? तीच हमी शहरावरच्या वापराकडे कुणी मागितली नाही. दोन्ही पर्यायांना एकच कसोटी लावली असती, आणि चौघांना जपानच्या स्थितीबद्दल लष्कराकडची माहिती दिली असती, तर उत्तर तेच आलं असतं कदाचित, पण ते एवढ्या सहज आलं नसतं.

अर्ज ट्रूमन यांच्या हातात पडला असता तर हिरोशिमा वाचलं असतं का? मला तसं वाटत नाही. बर्न्स त्यांच्या शेजारी होते, खर्चाचं ओझं होतं, युद्धाचा रेटा होता. नागासाकीबद्दल मात्र एवढ्या खात्रीने बोलता येत नाही. २५ जुलैच्या हुकमात दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळी परवानगी लागतच नव्हती. ११ ऑगस्टचा बेत ९ वर आणला गेला तो हवामान पाहून, पॅसिफिकमधल्या तळावर. 'पहिल्या वापरानंतर थांबा, जपानला उत्तर द्यायला वेळ द्या, दुसऱ्यासाठी राष्ट्राध्यक्षांना पुन्हा विचारा' एवढी एक ओळ त्या हुकमात घालायला कुणाचं तत्त्वज्ञान बदलावं लागत नव्हतं. त्यातली जपानला संधी देण्याची मागणी मतदानातल्या ६९ जणांच्या पर्यायात होतीच. परवानगीची ती ओळ पुढे लिहिली गेली. १० ऑगस्टला ग्रोव्ह्ज यांनी कळवलं की पुढचा बॉम्ब १७-१८ ऑगस्टनंतर टाकता येईल. त्या टिपणावर लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकला जाऊ नये.